दादर-माटुंगा योजनेचा जमाखर्च नव्याने मांडताना: कामाच्या नोंदी

८ जून

आमच्या स्थानिक इतिहास मंडळाचं दिवाळीनंतर प्रदर्शन आहे. दादर-माटुंगा वसवणाऱ्या योजनेवर त्यात एक दालन असणार. नकाशे, जुने फोटो, इमारतींचे आराखडे यांना हौशी माणसं लगेच मिळाली. पैशाची भिंत कोणी घेईना, ती मी घेतली. नोकरी नगरपरिषदेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे अंदाजपत्रक वाचायची सवय आहे. पुतणी वाणिज्य शाखेत शिकते, स्प्रेडशीट ती सांभाळणार.

प्रश्न एकच ठेवलाय. भातखाचरं, बागायत आणि खाजण असलेल्या जमिनीवर रस्ते, गटारं, बागा काढून प्लॉट पाडायचे, तर भाड्याने देता येईल अशा एका चौरस वारामागे खर्च किती येतो, आणि तो कोण, कधी फेडतो?

पार्श्वभूमी भिंतीवर चार ओळींत बसवायची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे दोन तऱ्हेची कामं आली: दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढणं, आणि उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखणं. पाचवी आणि सहावी योजना म्हणजे आपलं दादर-माटुंगा-शीव. मी फक्त ही दुसरी बाजू धरतोय.

१५ जून

पहिली मांडणी नगरपरिषदेच्या धर्तीवर केली: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, वर्षाचा मेळ. दोन पानांत ती कोसळली. ट्रस्टचं काम एका वर्षाच्या चौकटीत मावतच नाही. जमीन एका वर्षी घेतली जाते, तिचा दावा पुढे चालतो, भराव त्यानंतर, रस्ता आणखी पुढे, आणि भाडं सगळ्यात शेवटी. वार्षिक तक्त्यात यातलं प्रत्येक वर्ष तुटीचं दिसतं आणि का ते कळत नाही.

म्हणून दोन स्वतंत्र पानं केली, भांडवली आणि महसुली. भांडवली पानावर जमीन, भराव, रस्ते, गटारं, नळ. महसुली पानावर व्याज, कर्जफेड निधी, आस्थापना आणि येणारं भाडं. ट्रस्टचे वार्षिक अहवालही याच विभागणीने चालतात. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी पहिल्याच दिवशी दोन पानं पाडावीत.

जमेच्या बाजूला तीन झरे लिहिले. सरकारने आणि नगरपालिकेने ट्रस्टकडे सोपवलेल्या जमिनींचं उत्पन्न. नगरपालिकेचं वार्षिक अंशदान, ज्याची कमाल मर्यादा शहरातल्या मिळकतींच्या करपात्र मूल्याच्या २ टक्के. आणि बाजारातून उभारलेली कर्जं. पहिले दोन झरे लहान आणि ठरलेले. कामं चालली ती तिसऱ्यावर. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

२२ जून

रुपये-आणे-पै. आजचा सगळा वेळ यात गेला.

पुतणीने ५-८-६ असं टाइप केलं. म्हणजे पाच रुपये आठ आणे सहा पै. स्प्रेडशीटने त्याची तारीख केली, ५ ऑगस्ट २००६. आधी भरलेल्या पानांवर जिथे आणे बारापर्यंत होते तिथे तारखा झाल्या, तेरा-चौदा-पंधरा आणे होते ते तसेच राहिले. बेरीज आली ती अर्थहीन. ती पानं पुन्हा भरावी लागली.

इलाज: तीन रकाने वेगळे, आणि चौथ्यात दशांश रुपये. रुपये + आणे÷१६ + पै÷१९२. हे सोपं आहे. उलट जाताना मात्र पेच आला. दशांशातून परत आणे-पै काढले की मध्येच कुठेतरी "१५ आणे १२ पै" दिसायचं, कारण पै पूर्णांकात आणताना बारा होत होते आणि आणा पुढे सरकत नव्हता. आता रक्कम आधी १९२ ने गुणून सगळी पैमध्ये आणतो, तिथेच एकदा पूर्णांक करतो, मग १९२ ने भागून रुपये, उरलेल्याला १२ ने भागून आणे, बाकी पै. त्यानंतर एकही चूक आली नाही.

मंडळातल्या एकांचं म्हणणं होतं की आणे-पै सोडूनच द्या. मी राजी नाही. जमिनीचा भाव वारामागे काही रुपयांत असतो. तिथे दोन आण्यांचा फरक शंभर एकरांवर साठ हजार रुपयांच्या वर जातो.

२९ जून

मापं. जमीन अहवालात एकरांत, भाव चौरस वारात, भराव घनफुटात किंवा ब्रासमध्ये. एक एकर म्हणजे ४,८४० चौरस वार, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ही तीन नाती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणार आहोत, कारण आज चाळिशीच्या आतल्या कोणालाही वार समजत नाही आणि ब्रास फक्त रेती-खडीवाल्यांना माहीत.

भरावाचा हिशेब करून पाहिला. एका एकरावर तीन फूट भराव म्हणजे १,३०,६८० घनफूट, १,३०७ ब्रास. दहा एकरांना १३,०६८ ब्रास. हा आकडा पाहिल्यावर कळलं की "जमीन स्वस्त होती म्हणून तिकडे गेले" हे वाक्य किती अपुरं आहे. सखल जमीन स्वस्त मिळते ती सखल असते म्हणूनच. गटाराला उतार मिळेपर्यंत ती उचलावी लागते, आणि उचलण्याचा खर्च जमिनीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

माझे एक स्नेही निवृत्त उपअभियंता आहेत. त्यांना तक्ता दाखवला. म्हणाले, "भराव गाडीवर मोजलात की ठेकेदार जिंकतो. लेव्हल घेऊन मोजायचा, आणि एक पावसाळा जाऊ दिल्यावर." भराव बसतो, म्हणून पहिल्या वर्षी बिल दिलं तर पुढल्या वर्षी तीच जागा पुन्हा भरावी लागते. मुंबईत या पातळ्या टाऊन हॉलच्या खुणेवरून, म्हणजे टी.एच.डी.ने, धरल्या जात आणि पर्जन्यजल वाहिन्यांच्या कामात हे नाव अजूनही भेटतं. जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवणाऱ्यांनी हे आधी तपासावं. समुद्रसपाटीवरून धरलेल्या पातळ्या आणि टी.एच.डी.च्या पातळ्या एकाच रकान्यात गेल्या तर भराव भलताच निघतो.

१३ जुलै

लोकसंख्येची ओळ. वाटलं होतं, हे सोपं काम.

१८६४: ८,१६,५६२
१८७२: ६,४४,४०५
१८८१: ७,७३,१९६
१८९१: ८,२१,७६४
१९०१: ७,७६,००६
१९०६: ९,७७,८२२
१९११: ९,७९,४४५
१९२१: ११,७५,९१४
१९३१: ११,६१,३८३

पुतणीने दोन टोकांच्या मधून सरळ रेषा ओढली आणि दर वर्षाला इतकी माणसं असा वाढीचा दर काढला. रेषा सुबक दिसत होती, पण अशी वाढ मुंबईत कधी झालीच नाही. १८६४ चा फुगवटा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीचा. १८६५ मध्ये बाजार कोसळला आणि पुढच्या मोजणीत पावणेदोन लाख माणसं कमी भरली. १९०१ ची शिरगणती १ मार्चची, ऐन प्लेगच्या मोसमातली, जेव्हा गावाकडे जाता येईल तो गेलेला होता. पाच वर्षांनी नगरपालिकेने स्वतः मोजणी केली तर दोन लाखांहून जास्त माणसं वाढलेली. त्यापुढच्या पाच वर्षांत, १९०६ ते १९११, वाढ फक्त १,६२३.

अंदाजपत्रक करणाऱ्याच्या जागी बसून हे पाहिलं. १९०२ साली समोर १९०१ चा आकडा आहे. तो सांगतो, शहर आटतंय, नवी वस्ती कशाला? १९०७ साली समोर १९०६ चा आकडा आहे. तो सांगतो, पाच वर्षांत सव्वीस टक्के, सगळी योजना दुप्पट वेगाने करा. दोन्ही सल्ले घातक ठरले असते.

सरासरी वाढीचा रकाना काढून टाकला. त्या जागी "त्या वर्षी त्यांना ठाऊक असलेला आकडा" असा रकाना घातला. माझ्या मते सगळ्या तक्त्यातला हा सर्वांत उपयोगी बदल. आपल्याला १९३१ माहीत आहे. त्यांना नव्हतं.

२० जुलै

काम पुढे गेलं नाही. ज्या ग्रंथालयात अहवालांचे बांधीव खंड आहेत तिथे कागद इतके ठिसूळ झालेत की फोटोकॉपीला परवानगी नाही, आणि फोटो काढायची परवानगी मिळायला वेळ लागला. फोटोंचं शुल्क २,३४० रुपये झालं. घडीचे मोठे तक्ते पानाच्या मध्यभागी दुमडलेले असतात, तिथले आकडे फोटोत येत नाहीत. ते हाताने उतरवून घ्यावेत, वहीत, जागेवरच.

आणखी एक सूचना. जुन्या चिठ्ठ्या चाळताना बी.आय.टी. आणि बी.डी.डी. यांची गल्लत होते. बी.आय.टी. चाळी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या २०७ बी.डी.डी. चाळी सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, ते खातं १९२० साली निघालं, त्याचा पैसा आणि हिशेब वेगळा. नायगाव दादरला लागून असल्यामुळे आमच्या टिपणांत ही दोन्ही खाती मिसळून गेली होती. प्रत्येक टिपणावर संस्थेचं नाव लाल शाईत लिहायला सुरुवात केलीय.

३ ऑगस्ट

भूसंपादन. १८९४ च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव आणि त्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के. हे १५ टक्के अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून हवेत. भावात मिसळले तर वाढीव निवाड्याच्या वेळी हिशेब सुटत नाही, कारण भाव वाढला की तेही वाढतात.

वादाचे दावे ट्रस्टच्या स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जात. याचा परिणाम असा की एका वर्षी "जमीन, पूर्ण" असं लिहिलेल्या योजनेत पुढच्या वर्षी पुन्हा जमिनीचा खर्च दिसतो. पहिल्यांदा आम्हाला वाटलं ही नवी जमीन आहे आणि एकर दोनदा मोजले गेले. आता प्रत्येक जमिनीच्या रकमेपुढे "नवं" की "निवाड्याची वाढ" अशी खूण आहे.

जमीनमालक वेडे नव्हते. ट्रस्टने रस्ता जाहीर केला की शेजारच्या शेताचा भाव त्याच दिवशी चढतो, आणि ते शेत पुढच्या टप्प्यात ट्रस्टलाच घ्यायचं असतं. आपल्याच घोषणेने आपलीच खरेदी महाग होते. आजही रिंगरोडचा नकाशा फुटला की हेच घडतं, आणि तेव्हाही अंदाजपत्रकात यासाठी ओळ नसते.

२४ ऑगस्ट

व्याज. इथे भिंतीचा खरा मजकूर सापडला.

प्रतिरूपासाठी, म्हणजे नमुन्याच्या हिशेबासाठी, दर ४ टक्के आणि मुदत ६० वर्षं धरली. एक लाख कर्जावर वर्षाचा समान हप्ता ४,४२० रुपये येतो. तीच मुदत ३० वर्षं केली तर हप्ता ५,७८३. म्हणजे मुदत निम्मी केली तरी हप्ता तीस-एकतीस टक्क्यांनीच वाढतो, आणि एकूण भरणा २,६५,२०० ऐवजी १,७३,५०० होतो. मंडळात बहुतेकांनी लगेच तीस वर्षांच्या बाजूने मत दिलं. मला ते पटत नाही. गटार आणि नळ दोन पिढ्या वापरणार असतील तर दोन पिढ्यांनी फेडावं, आणि कोवळ्या वस्तीवर सुरुवातीला कमी ओझं असावं. पण त्याला अट एक आहे. वस्ती लवकर भरली पाहिजे.

ती लवकर भरली नाही. योजना १८९९-१९०० ची. संपादन रेंगाळलं, प्लॉट उचलले जायला आणखी वेळ गेला, मध्ये १९१४ चं महायुद्ध आलं आणि बांधकामाचं सामान महागलं. माटुंग्याला खरी गर्दी झाली ती युद्धानंतर. व्ही.जे.टी.आय. तिथे १९२३ मध्ये गेलं. हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. आपण ज्याला माटुंगा म्हणतो, ते तिमजली इमारतींचं, झाडांच्या रस्त्यांचं, मोठ्या प्रमाणात त्या दशकातलं आणि त्याच्या पुढच्या दशकातलं.

पडून राहिलेल्या एक लाखाचं ४ टक्क्यांनी दहा वर्षांत १,४८,०२४ होतं. पंधरा वर्षांत १,८०,०९४. वीस वर्षांत २,१९,११२. रस्त्याच्या खडीत किंवा ठेकेदाराच्या दरात कितीही बचत केली तरी ती या आकड्यांसमोर उरत नाही. वाढत्या शहराच्या कामात सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे जमीन घेतल्याच्या दिवसापासून पहिलं भाडं येण्याच्या दिवसापर्यंतचा काळ. अंदाजपत्रकात त्याला ओळ नसते, तो "व्याज" या शीर्षाखाली विखुरलेला असतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

३१ ऑगस्ट

दहा एकरांचं प्रतिरूप पूर्ण केलं. यातले दर आम्ही हिशेबाला सोपे म्हणून धरले आहेत, ट्रस्टचे नाहीत, आणि भिंतीवर तसं ठळक लिहिणार आहोत. लोकांना पद्धत दिसावी एवढाच हेतू.

जमीन ४८,४०० वार, वाराला २ रुपये: ९६,८००. वर १५ टक्के: १४,५२०. भराव १३,०६८ ब्रास, ब्रासला ४ रुपये: ५२,२७२. रस्ते, गटारं, नळ एकत्र: ६०,०००. एकूण २,२३,५९२ रुपये.

रस्ते आणि बागांना ४० टक्के जागा गेली. भाडेपट्ट्याने द्यायला २९,०४० वार उरले. तेव्हा वाराला खर्च ७ रुपये ११ आणे २ पै. दोन रुपयांच्या जमिनीचे पावणेआठ झाले ते असे.

आता थांबण्याचा काळ घातला. सगळा खर्च पहिल्या वर्षी आणि भाडं दहा वर्षांनी: ११-६-४. पंधरा वर्षांनी: १३-१३-१०.

मग टप्पे केले. जमीन आधी, पण भराव आणि रस्ते दहाव्या वर्षी, भाडं पंधराव्या वर्षी: ११-९-९. म्हणजे कामं पुढे ढकलल्याने वाराला सव्वादोन रुपये वाचले.

पुतणी म्हणाली, "काका, मग सगळंच पुढे ढकलायचं ना!" तिथेच खरी मेख आहे. रस्ता नाही, नळ नाही, तर प्लॉट घ्यायला येणार कोण? मुख्य रस्ता आधी करावाच लागतो. किंग्जवे, म्हणजे आजचा डॉ. आंबेडकर रोड, हा या भागाचा कणा. तो आधी आणि आडवे रस्ते मागणीप्रमाणे, अशी तिसरी मांडणी करायची आहे.

१४ सप्टेंबर

उपअभियंता स्नेह्यांनी दोन हरकती घेतल्या, दोन्ही रास्त.

पहिली: घेतलेली जमीन अगदी वांझ नव्हती. भाताचं, गवताचं, झाडांचं काही ना काही उत्पन्न येतच असणार. जमिनीच्या किमतीच्या १ टक्का निव्वळ उत्पन्न धरलं तर जमिनीपुरतं व्याज ३ टक्क्यांवर येतं, आणि टप्प्यांच्या मांडणीतला वाराचा खर्च ११-९-९ वरून १०-१०-१० वर उतरतो. थांबण्याचा भार तरीही मोठाच राहतो, पण आमचा आधीचा आकडा जास्त भीतिदायक होता. हा रकाना आता कायम.

दुसरी: आम्ही प्लॉटचा प्रत्येक वार सारखा धरला. पण प्लॉटवर इमारत किती बसते त्यावर घेणारा किती देईल ते ठरतं. ट्रस्टचे नंतरचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला होता. भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात वर पाहिलं तर आकाश मोकळं दिसलं पाहिजे. या कोनात उंची अंतराच्या दुप्पट येते. चाळीस फुटी इमारतीला वीस फूट मोकळीक हवी, म्हणजे शेजारी-शेजारी दोन इमारतींनी प्रत्येकी दहा फूट सोडायचे. ऐंशी फूट रुंदीच्या प्लॉटवर दोन्ही बाजूंचे मिळून वीस फूट गेले, पाव रुंदी.

मंडळात एकाने याला "वाया गेलेली जागा" म्हटलं. मी तसं लिहू देणार नाही. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांतून प्लेग पसरतो अशी तेव्हाची धारणा होती, आणि ती पाव रुंदी हेच या योजनेचं कारण आहे. आजही पाच बागांपासून (फाइव्ह गार्डन्सपासून) हिंदू कॉलनीपर्यंत चालत गेलं की तिसऱ्या मजल्याच्या खालच्या खोलीतही उजेड दिसतो. तक्त्यात ही जागा "उजेड-वारा" या नावाने खर्चाच्या बाजूला दाखवलीय.

२८ सप्टेंबर

परदेशी मालाची छोटी ओळ. बिडाचे नळ, पंप वगैरे विलायतेहून येत, किंमत पौंडात. शतकाच्या सुरुवातीला १ पौंडाला १५ रुपये. १९२० साली सरकारने रुपया दोन शिलिंगांवर बांधायचा प्रयत्न केला, तो फसला. १९२७ मध्ये दर एक शिलिंग सहा पेन्स ठरला. तेव्हा १०० पौंडांचा माल आधी १,५०० रुपयांचा, नंतर १,३३३ रुपये ५ आणे ४ पैंचा. मधल्या वर्षांना एकच दर लावू नये. आम्ही ती वर्षं रिकामी ठेवली.

१२ ऑक्टोबर

तुलनेचा रकाना: १९१५ चा मुंबई नगररचना कायदा. देशातला असा पहिला. यात सगळी जमीन विकत घ्यायची गरज नाही. मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागांची जागा काढून नवे आकारबद्ध प्लॉट त्यांनाच परत द्यायचे, आणि वाढलेल्या मूल्यातून त्यांच्याकडून सुधारणा-अंशदान घ्यायचं. वांद्र्याची पहिली योजना या वाटेने झाली.

आमच्या दहा एकरांत हा बदल केला तर पहिल्या वर्षीचे १,११,३२० रुपये जवळजवळ नाहीसे होतात. कर्ज फक्त भराव आणि रस्त्यांपुरतं. थांबण्याचं ओझं मालकाच्या खांद्यावर जातं, त्याच्यावर व्याज नसतं, जमीन त्याचीच असते, तो शेती चालू ठेवतो.

मला व्यक्तिशः ही वाट जास्त न्याय्य वाटते. नोकरीत असताना टी.पी. स्कीमच्या, म्हणजे अशाच नगररचना योजनांच्या, फायली पाहिल्यात, म्हणून तिची दुसरी बाजूही माहीत आहे. प्रत्येक मालकाचा प्लॉट, प्रत्येकाची हरकत, प्रत्येकाचं मूल्यांकन. पैसा वाचतो, वर्षं वाचत नाहीत. आणि शंभरेक प्लॉट एकगठ्ठा बाजूला काढणं त्यात जमत नाही. ट्रस्टमधले अभियंता मंचेरजी जोशी यांनी पारशी मध्यमवर्गासाठी १०३ प्लॉट राखून घेतले ते शक्य झालं, कारण सगळी जमीन एका हातात होती.

१९ ऑक्टोबर

या तक्त्यात न येणारा खर्च.

जुन्या वस्तीतून रस्ते काढताना ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या सुरुवातीच्या काळात बांधल्या नाहीत. ज्यांच्या खोल्या गेल्या ते गिरण्यांजवळ, गोदीजवळ काम करणारे. ते माटुंग्याच्या प्लॉटवर येणं शक्य नव्हतं, ते शेजारच्या गल्लीत दाटीने राहिले आणि तिथलं भाडं वाढलं. ही भाडेवाढ कोणत्याच अहवालात खर्च म्हणून नाही, कारण ती ट्रस्टने भरली नाही. ती कामगाराने भरली.

ट्रस्टने चाळी बांधल्या हेही तितकंच खरं. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन दशकांहून जास्त काळ काढला. तिथली भाडी कमी ठेवावी लागत, म्हणून हिशेबतपासनीसाच्या नजरेत त्या चाळी तोट्याच्याच दिसतात, आणि माटुंग्याचे प्लॉट फायद्याचे. असा तक्ता नुसता लावला तर बघणारा चुकीचा निष्कर्ष काढेल. म्हणून महसुली पानावर "विस्थापितांनी भरलेलं जादा भाडं" असं शीर्ष घातलं, रक्कम न लिहिता, खाली तीन ओळींचं स्पष्टीकरण देऊन. मंडळात यावर बराच वाद झाला, रकमेशिवाय शीर्ष चालेल का म्हणून. शीर्ष राहिलं.

९ नोव्हेंबर

भिंत छापून झाली. कापडी फलक, ३,८०० रुपये. पहिल्या छपाईत जोडाक्षरं फुटली, कारण छापखान्याकडे फाईल अक्षरवळणाशिवाय गेली. मजकूर चित्ररूपात पाठवल्यावर नीट आलं, पण एका फलकाचे पैसे गेले.

पाहणाऱ्यांनी सगळ्यात जास्त वेळ १३-१३-१० आणि ११-९-९ या दोन आकड्यांपाशी घेतला. एका तरुण नगरसेविकेने विचारलं, "आमच्या हद्दवाढीतल्या रस्त्यांना हे लावता येईल का?" येईल. दर बदला, व्याज बदला, आणि "थांबण्याची वर्षं" हा रकाना प्रामाणिकपणे भरा. तिला फाईल दिली, आणि त्या रकान्यात पाचपेक्षा लहान आकडा टाकण्याआधी गावातल्या मागच्या लेआउटला किती वर्षं लागली ते तपासायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर

उरलेलं काम. १९२५ च्या हस्तांतर कायद्याने ट्रस्टचा कारभार नगरपालिकेकडे जाऊ लागला आणि १९३३ मध्ये ट्रस्ट पूर्ण विलीन झाला. या मधल्या वर्षांत खर्चाची शीर्षं बदलतात. जे आधी योजनावार होतं ते खातेवार होतं, आणि पाचवी-सहावी योजना वेगळी काढता येत नाही. नेमकी हीच वर्षं प्लॉट भरले जाण्याची, म्हणजे भाडं येऊ लागण्याची. त्यांच्याशिवाय योजना शेवटी फिटली की नाही ते सांगता येणार नाही. जुनं शीर्ष कोणत्या नव्या शीर्षात गेलं याचा जोडतक्ता आधी करायचा आहे. १९२५-२६ चं वर्ष दोन्ही पद्धतींनी भरून पाहणार, मेळ बसला तर पुढे सरकणार.